बॉनेट उघडायला काय पैसे पडतात?

रविवारी सकाळी आप्पांना घेऊन बीकेसीला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला गेलो आणि डोक्याची मंडई करून परत आलो. येताना मेगाब्लॉकनं उरलीसुरली हौस फेडली, पण तो नेहमीचा राग आहे, त्याचं काही नाही. आजचा राग वेगळा आहे.

आप्पा म्हणजे माझे वडील. 1971 साली कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फिटर म्हणून चिकटले, दारं बसवायच्या लाइनवर. उभी हयात फियाटची दारं बसवली, पण स्वतःची गाडी कधी घेतली नाही. हल्ली गुडघ्यांमुळे घराबाहेर फारसे पडत नाहीत. जाहिरातीत पद्मिनीचा, म्हणजे त्यांच्याच कारखान्यातल्या फियाटचा, फोटो दिसला तसे म्हणाले, "जाऊन येऊ रे एकदा." म्हणून निघालो. माणशी 400 रुपये तिकीट, ज्येष्ठांना सवलत फक्त जाहिरातीत. फाटकावर मनगटाला कागदी पट्टा डकवला तोही केसांवर. दुपारी काढताना आप्पांच्या डोळ्यांत पाणी.

आत गेलो. गाड्या होत्या, नाही असं नाही. तीसच्या दशकातल्या, बाहेर काढलेल्या मडगार्डांच्या, लांब फूटबोर्डांच्या, रबरी भोंग्यांच्या. पण त्या बघायच्या कशा? प्रत्येक गाडीभोवती माणसांचा कोट, आणि अख्ख्या कोटाची पाठ गाडीकडे! सगळे हात लांब करून स्वतःचंच थोबाड बघतायत. गाडी बघायला आलेल्यांपैकी गाडीकडे तोंड करून उभा असलेला माणूस शोधून दाखवा, वडापाव माझ्याकडून. एक मुलगी एका काळ्या गाडीसमोर तेच ते बारा वेळा गिरकी घेऊन चालली. बारा. मी मोजलं, कारण दुसरं काही बघण्यासारखं शिल्लकच नव्हतं. तिचा तो कॅमेरावाला वर आम्हालाच सांगतो, "अंकल, फ्रेम में आ रहे हो."

अरे फ्रेममध्ये गाडी आहे ना? मग बाबा, मी तिकीट काढून तीच बघायला आलोय!

एका बाईंनी तर दोन वर्षांचं पोर उचलून थेट मडगार्डवर बसवलं. पोराच्या हातात बुढ्ढी के बाल. त्या पोराचा दोष नाही, त्याला काय कळतंय. पण ते चिकट हात त्या रंगावरून फिरताना गाडीचा मालक लांबून नुसता बघत होता. म्हातारा पारशी गृहस्थ, तोंडातून शब्द नाही. हातातलं पिवळं फडकं तेवढं घट्ट धरलेलं. या माणसांना एका दाराच्या हँडलसाठी चोरबाजारात आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर महिनोन्महिने चकरा माराव्या लागतात. ते हँडल धरून लोक लोंबकळत होते.

आणि बॉनेट. सगळ्या मैदानात एक बॉनेट उघडं नव्हतं, एक! जुन्या गाडीत बघायचं असतं काय? रंग तर काय, रंगाऱ्याला पैसे दिले की कुणाचाही चकाकतो. बघायचं असतं ते इंजिन, कार्ब्युरेटर, तो पेट्रोल ओढणारा एसी पंप. ज्यांच्या घरी पद्मिनी होती त्यांना आठवत असेल, मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात गाडी गरम झाली की पंपातल्या पेट्रोलची वाफ होऊन ती बंद पडायची. मग बॉनेट वर करून पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि गार होईपर्यंत रस्त्याकडेला बसून घरून आणलेले तिखटमिठाच्या पुऱ्यांचे डबे उघडायचे. आमच्या शेजारच्यांच्या गाडीतून आम्ही दोनदा असे लोणावळ्याला गेलो. पोराबाळांना दाखवा की हे! नाही. बॉनेट बंद, वर गुलाबाच्या पाकळ्या.

बरं, "विंटेज" म्हणून काय काय उभं करावं? एक जीप होती. चकचकीत अलॉय चाकं, खाली निळे एलईडी आणि मागे गणपती मिरवणुकीला पुरेल एवढा स्पीकर. सरकारनं 2021 साली नियम केलाय, पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली, फारसे बदल न केलेली गाडी असेल तरच "व्हीए" मालिकेचा नंबर. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, वर ती रोजच्या वापराला काढायची नाही. एवढी बंधनं पाळून लोक गाड्या सांभाळतात आणि त्यांच्या शेजारी ही डीजेवाली जीप! आणि गर्दी कुठं जास्त होती सांगायलाच नको.

फियाट कुठं होती? विचारत विचारत गेलो. मोबाइल टॉयलेटच्या शेजारी, जनरेटरच्या पलीकडे. मुंबईत बनलेली, मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राबलेली गाडी, आणि तिची जागा संडासाच्या दारात. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा याच मंडळींनी काळ्या-पिवळ्या फोटोंखाली गळे काढले होते.

समोर पाटी: "प्रीमियर पद्मिनी, 1960, मेड इन इटली."

आप्पांनी चष्मा पुसला, परत वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "इटली?"

पद्मिनी हे नावच 1974 चं. त्याआधी प्रेसिडेंट होती, त्याच्याही आधी नुसती फियाट. आप्पा तेव्हा कारखान्यात होते, मागच्या बाजूला बसवायची नावाची पट्टी बदललेली त्यांनी हातात घेऊन बघितलीय. आणि 1960 ची असती तर पुढची दारं उलटी उघडली असती ना, डुक्कर म्हणायचे त्या जुन्या फियाटसारखी! हे आप्पांनी तिथल्या गळ्यात कार्ड अडकवलेल्या पोराला सांगायला घेतलं. दाराची बिजागरी दाखवावी म्हणून दोरीच्या आत एक पाऊल टाकलं फक्त.

"अंकल, लाइन के पीछे. टच मत करो."

टच मत करो! सकाळपासून त्या मैदानात अख्ख्या गर्दीनं गाड्यांवर लोळण घेतली, पोरं बसवली, भोंगे पिळले, तेव्हा हा कुठं होता? ज्या माणसानं आयुष्यभर ही दारं बसवली त्याला दोरीच्या मागे! मी आवाज चढवला. चारचौघांत चढवतो तसा नाही, चांगला डोंबिवली फास्टमध्ये चढवतो तसा. आप्पांनीच माझा दंड धरला. "सोड रे. पगारी पोरगं आहे ते."

तेवढ्यात स्टेजवरून निवेदिका पद्मिनीबद्दल सुरू झाली, "ब्रिटिशांच्या जमान्यातली ही शान..." कुठल्या ब्रिटिशांच्या, बाई? वालचंद हिराचंदांनी 1944 ला प्रीमियर कंपनी काढली, आधी डॉज-प्लिमथ जोडल्या, फियाट आली ती स्वातंत्र्यानंतर. पण तिला कोण सांगणार, ती प्रमुख पाहुण्यांची वाट बघत वेळ मारून नेत होती. पाहुणे दहाला येणार होते, आले पावणेबाराला. तोवर रॅलीच्या गाड्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभ्या. एकीचं रेडिएटर उकळलं, वाफेचा लोट उठला, आणि पब्लिकनं टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

पण त्या वाफेच्या निमित्तानं बॉनेट उघडलं एकदाचं! आप्पा गुडघे विसरून तिकडे निघाले. आम्ही पोचेपर्यंत ड्रायव्हरनं पाणी ओतून बॉनेट खाली आपटलं, कारण पाहुण्यांना त्यावर हात ठेवून फोटो काढायचा होता.

निघताना तक्रार करायला टेबलाशी गेलो. तिथल्या मुलीनं गोड हसून एक क्यूआर कोड पुढे केला, "सर, फीडबॅक इथे द्या." उघडलं. खाण्याचे स्टॉल कसे वाटले? पार्किंग? स्टेज? सेल्फी पॉइंट? झालं, चार प्रश्न. गाड्यांबद्दल एकही नाही! चारांनाही एकेक तारा देऊन आलोय.

पाटी जाताना परत बघितली. 1960 च होतं. इटलीही तिथंच.