‘रांडेच्या’ म्हणजे कुणाच्या?

शिवीला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. बेळगावच्या वडगावात मागाच्या खडखडाटात लहानाचा मोठा झालोय. तिथं धागा तुटला की आधी तोंडातून शिवी निघते, मग हात मागाकडं जातो. आणि दोन महिन्यांनी भेटलेला दोस्त ‘काय रे रांडेच्या, कुठं मेलतास गा?’ असं न म्हणता ‘नमस्कार, कसे आहात?’ म्हणाला, तर समजायचं, उसने पैसे मागायला आलाय.

‘चांगल्या घरची माणसं शिव्या देत नाहीत’ हे तर सांगूच नका. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलेली चांगल्या घरची माणसं गाडीची काच वर करून काय बोलतात, ते ओठांवरनं कळतं.

मला खटकतो तो एकच शब्द. वरचाच. रांड म्हणजे मुळात विधवा. रंडकी, रांडाव, रांडमुंड हे सगळे त्याच घरातले. शेजारच्या मागावरचा माझा दोस्त कन्नड. चिडला की ‘बोळी मगने’ म्हणतो. कन्नडात ‘मग’ म्हणजे मुलगा, एवढं ठाऊक होतं. बोळी म्हणजे काय, ते एकदा विचारलं. म्हणाला, डोकं भादरलेली बाई. नवरा मेल्यावर भादरायचे ना, ती. घ्या! १९५६ पासून आम्ही भाषेवरून भांडतोय, पाट्यांवरून डोकी फोडतोय, आणि शिवी दोघांची एकच.

बरं, ज्याला देतो त्याला ती लागतच नाही. लागते त्याच्या आईला, तेही तिचा नवरा मेला म्हणून.

वडील गेले, तेरावं करून मी कामावर गेलो. दोस्तानं सवयीनं तीच हाक मारली आणि अर्ध्यात जीभ चावली. दिवसभर माझ्याकडं बघितलं नाही त्यानं. हजारदा ऐकलेला शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा अर्थासकट ऐकू आला.

शिरोळ तालुक्यातलं हेरवाड इथून काही लांब नाही. त्या ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ ला ठराव केला, नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद. आम्ही सगळ्यांनी वाहवा केली. शब्द तेवढा तोंडात तसाच राहिला. नेवासा तालुक्यातल्या सौंदाळ्यानं २०२४ मध्ये आयाबहिणींवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड ठरवला. दंडानं जीभ सुधारेल असं मला वाटत नाही. आमच्या गल्लीत लावला तर महापालिकेला घरपट्टीची गरज उरणार नाही.

मी आपला ‘आयला’वर आलोय. (त्यातही आई आहे, माहीत आहे.)

आमच्या घरात हा शब्द सगळ्यात जास्त वापरते ती आत्ती. स्वतः विधवा. नातवाला जेवायला हाक मारायची तरी ‘ये रांडेच्या’. परवा धीर करून म्हटलं, “आत्ती, नातवाला असं म्हणतीस म्हणजे तू स्वतःच्याच लेकाला मारतीस की.”

आत्ती चमकली. “शिवशिव” म्हणाली. जरा वेळ गप्प बसली. मग दाराकडं तोंड करून ओरडली,

“ये रं मुडद्या, ताट वाढलंय!”