पाणी स्वच्छ, पण गाळाचं काय?

नदीतल्या किरणोत्सारी प्रदूषणावरच्या तुमच्या लेखात, पाण्याचे नमुने मर्यादेत आले म्हणजे चिंता मिटली, असा सूर होता. तो पटला नाही. सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य पाण्यात फारसं रेंगाळतच नाही, चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटून तळाशी बसतं. वरून बघाल तर पाणी नितळ!

रशियातल्या तेचा नदीत मायाक या अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम बनवणाऱ्या प्रकल्पाने १९४९ ते १९५६ या काळात किरणोत्सारी सांडपाणी सोडलं. पुराबरोबर गाळ काठच्या कुरणांवर पसरला, गुरांनी तिथलं गवत खाल्लं आणि दुधातून ही किरणोत्सारी द्रव्यं माणसांच्या पोटात गेली. त्यातलं स्ट्रॉन्शियम-९० तर शरीराला कॅल्शियमसारखंच वाटतं, थेट हाडांत मुक्काम.

‘गाळ उपसून टाका’ म्हणणं सोपं आहे हो. अमेरिकेत ओक रिज या अणुकेंद्राच्या खालच्या अंगाला, वॉट्स बार जलाशयात, १९५०च्या दशकातलं सीझियम नव्या गाळाखाली गाडलं गेलंय. तिथे ते मुद्दाम तसंच ठेवलं, उलट गाळ उपसण्यावरच निर्बंध आणले. उपसताना ढवळलं की पुन्हा पाण्यात. सीझियमचं अर्धायुष्य ३० वर्षांचं, म्हणजे तेवढ्या काळात निम्मंच संपतं. बाकीचं विरेपर्यंत वरचा थर टिकायला हवा, आणि मोठा पूर काही कुणाला विचारून येत नाही. म्हणून नुसत्या पाण्याच्या बाटल्या भरून नेऊ नका, गाळात नळी खुपसून थराथराचे नमुने काढा आणि ते आकडे छापा.