यंत्रानं नाव कापलं, आता दाद कुणाकडे मागायची?

एआयच्या नैतिकतेवर जगभर परिषदांचा धडाका चालू आहे. २०२३ला ब्रिटनमधलं ब्लेचली, मग दक्षिण कोरियातलं सोल, २०२५च्या फेब्रुवारीत पॅरिस, त्यानंतर दिल्ली. पॅरिसच्या जाहीरनाम्यावर भारत-चीननं सही केली, अमेरिका आणि ब्रिटननं केली नाही. युनेस्कोच्या १९३ देशांनी तर २०२१मध्येच शिफारशी मंजूर करून ठेवल्यात: पारदर्शकता, समन्याय, मानवी देखरेख. वाचायला झकास. माझा प्रश्न साधा आहे. यंत्रानं सरकारी मदतीच्या यादीतून एखाद्या बाईचं नाव कापलं, तर तिनं कुठल्या खिडकीसमोर उभं राहायचं?

नेदरलँड्समध्ये काय झालं बघा. तिथं नोकरी करणाऱ्या आईबापांना पाळणाघराच्या खर्चासाठी सरकार पैसे देतं. फसवणूक पकडायची म्हणून कर खात्यानं २०१३पासून एक प्रणाली वापरायला घेतली. ती प्रत्येक अर्जाला जोखमीचे गुण द्यायची आणि जास्त गुणांचे अर्ज तपासणीला जायचे. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही गुण ठरवण्याचा एक निकष होता. तपासणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर गुण यायचे, पण ते का पडले हे कळायचं नाही. एखादी सही राहिली, थोडी रक्कम भरायची राहिली, की सगळीच्या सगळी मदत परत मागायची. हजारो युरोंची वसुली. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली, घरं गेली, संसार मोडले. अशा कुटुंबांतली हजाराहून जास्त मुलं सरकारनं आईबापांपासून काढून दुसरीकडे ठेवली. आमचं नेमकं चुकलं काय, असं विचारत लोक वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहिले.

सगळं खापर यंत्रावर फोडता येणार नाही. कायदाच निर्दय होता, आणि न्यायालयांनीही तो बरीच वर्षं तसाच उचलून धरला. पण पूर्वी एका कारकुनाचा आकस एका टेबलापुरता राहायचा. इथं तो देशभराच्या अर्जांना एकाच वेळी लागू झाला, वर 'संगणकानं काढलंय' म्हणून त्याला निःपक्षपातीपणाचा शिक्काही मिळाला.

जानेवारी २०२१मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. पंतप्रधान रुटे राजाला भेटायला सायकलवरून गेले, ते फोटो आपल्याकडेही कौतुकानं फिरले. दोन महिन्यांनी निवडणूक झाली, त्यांचाच पक्ष पहिला आला. आज ते नाटोचे प्रमुख आहेत. असो.

काहीजण म्हणतील, मग चोर पकडायचेच नाहीत का? जरूर पकडा. पण ज्याला पकडलं त्याला कारण सांगा, आणि निर्णय फिरवायचा अधिकार असलेला माणूस समोर बसवा. ऑस्ट्रेलियात तर एआयसुद्धा नव्हतं. 'रोबोडेट' या सरकारी वसुली योजनेत वर्षाच्या कमाईची सरासरी काढून गरिबांच्या नावावर लाखो खोटी देणी चढवली, बस्स. म्हणून यंत्र किती हुशार यावर तासन्‌तास चाललेली चर्चा मला फिजूल वाटते.

युरोपचा एआय कायदा ऑगस्ट २०२४मध्ये अस्तित्वात आला. सरकारी मदतीला कोण पात्र हे ठरवणाऱ्या यंत्रणा त्यात 'उच्च जोखीम' गटात आहेत, आणि अशा यंत्रणेच्या आधारे निर्णय झाला तर खुलासा मागायचा हक्कही आहे. लष्करी वापर मात्र कायद्याबाहेर, ही पळवाट चांगलीच रुंद आहे. तरी काहीतरी कागदावर आलंय. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०२५च्या मार्गदर्शक तत्त्वांत, तूर्त एआयसाठी वेगळा कायदा नको, असंच ठरलं. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात निव्वळ यंत्रानं घेतलेल्या निर्णयाला हरकत घ्यायची सोय नाही, उलट केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना सूट द्यायची मुभा आहे.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर शेजारच्या तेलंगणाकडे बघा. लाखो रेशनकार्डं संगणकाच्या आधारानं रद्द झाली, आणि शेवटी सुप्रीम कोर्टाला २०२२मध्ये सांगावं लागलं, घरोघर जाऊन पुन्हा पडताळा. आपल्याकडे सेतू केंद्रात उभं राहिलेल्या कुणालाही 'पोर्टलवर रिजेक्ट दाखवतंय, आमच्या हातात काही नाही' हे वाक्य पाठ असेल. खिडकीतल्या त्या पोराचाही दोष नसतो. अर्ज का नाकारला, ते त्यालाही दिसत नाही.

एवढ्या नाचक्कीनंतर डच सरकारनं २०२२च्या डिसेंबरात एक चांगलं काम केलं. सरकारी खाती कुठे कुठे कुठली प्रणाली वापरतात, याची सार्वजनिक नोंदवही ऑनलाइन सुरू केली. महाराष्ट्राला असं करायला दिल्लीची किंवा पुढच्या जागतिक परिषदेची वाट बघायची गरज नाही. पोलिसांसाठी २०२४मध्ये 'मार्व्हल' ही एआय कंपनी काढणारं राज्य आपलंच आहे. पहिली नोंद तिचीच करा: कुठला डेटा घेते, त्यावरून काय ठरवते, आणि चुकलं तर तक्रार कुणाकडे करायची. मराठीत.