फुल्यांची अर्पणपत्रिका आणि एका वकिलाची रोजनिशी

जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलंय. भाचीने वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणातून त्या अर्पणपत्रिकेचा भागच गाळला. का, तर म्हणे व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय: अमेरिकेतलं यादवी युद्ध आयात करावरून झालं, गुलामीचा मुद्दा मागाहून चिकटवला, गुलाम मालकाकडे सुखात होते, लिंकनला त्यांची पर्वा नव्हती आणि फुले फसले. हा मजकूर गावभर फिरतोय, म्हणून लिहिणं भाग आहे.

आयात कराचं आधी उरकतो. करवाढीचा मॉरिल कायदा मार्च १८६१ चा. तोवर दक्षिणेतली, गुलामी चालणारी सात राज्यं संघराज्यातून फुटून बाहेर पडली होती. त्यातल्या मिसिसिपीने आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे, असं जाहीरनाम्यात स्वतःच लिहून ठेवलंय.

‘मागाहून चिकटवला’ म्हणणाऱ्यांनी रदरफर्ड हेज यांची रोजनिशी उघडावी. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीचे वकील, मग २३ व्या ओहायो पलटणीचे अधिकारी, पुढे राष्ट्राध्यक्ष. त्यांच्या वह्या आणि पत्रं ओहायोतल्या फ्रीमाँटला जपलेली आहेत. रोजनिशी तर घरबसल्या इंटरनेटवर वाचता येते. ४ जानेवारी १८६१ ची नोंद पाहा. लढाईला तोंड फुटायला अजून तीन महिने होते. फूट आणि यादवी दाराशी आली आहे, तरी मला त्यांच्यापेक्षा (गुलामीवाल्या राज्यांशी) तडजोडीचीच भीती जास्त वाटते, असं ते लिहितात. पुढच्याच वर्षी साउथ माउंटनच्या लढाईत गोळीने त्यांच्या डाव्या हाताचं हाड मोडलं.

आणि ‘गुलाम सुखात होते’? हे वाचून तळपायाची आग मस्तकाला जाते. १८५५ चा रोझेटा आर्मस्टेडचा खटला घ्या. केंटकीतल्या मालकाचा माणूस या कोवळ्या पोरीला ओहायोमार्गे नेत होता. ओहायोत गुलामी नव्हती, त्यामुळे तिथल्या कोलंबस शहरात तिची सुटका झाली. मालक धावत आला. परत येतेस की इथे स्वतंत्र राहतेस, असं तिला विचारलं गेलं. ती म्हणाली, राहते. तेव्हा त्याच मालकाने फरारी गुलामांच्या कायद्याखाली तिला अटक करवली! अशा खटल्यांचा निवाडा करणाऱ्या आयुक्तासमोर तिच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत हेज होते. पोरगी पळालीच नव्हती, मालकाच्याच माणसाने तिला मुक्त राज्यात आणलं होतं. ती सुटली. सुखात असती तर ‘राहते’ म्हणाली असती का? युद्धात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय पुरुष उत्तरेच्या सैन्यात लढले, ते काय सुख उतू चाललं होतं म्हणून?

लिंकनबद्दल अर्धं खरं आहे. एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचलं तर तसंही करीन, असं त्यांनी ऑगस्ट १८६२ मध्ये लिहिलं होतं. पण मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यांनी जुलैमध्येच मंत्रिमंडळापुढे ठेवला होता, ते फॉरवर्डमध्ये नाही.

आणखी एक कबूल करतो, नाइलाजाने. हेच हेज राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८७७ मध्ये त्यांनी दक्षिणेतल्या शेवटच्या दोन रिपब्लिकन (म्हणजे लिंकनच्याच पक्षाच्या) राज्य सरकारांच्या पाठीशी उभं असलेलं लष्कर काढून घेतलं आणि कृष्णवर्णीयांना जुन्या मालकांच्या तावडीत सोडलं. तो विश्वासघातच होता. पण फुल्यांची अर्पणपत्रिका १८७३ ची. तेव्हा गुलामी घटनादुरुस्तीने रद्द होऊन आठ वर्षं झाली होती, आणि त्यासाठी झटणाऱ्यांनाच त्यांनी पुस्तक अर्पण केलं. यात फसले कुठे?