एल काय आर?

मृगाचा पाऊस नुकता लागला होता. भाच्याचा साखरपुडा संध्याकाळी, कोल्हापूरला. सकाळी आठला कुंद्याचे दोन बॉक्स मागच्या सीटवर ठेवले, सौभाग्यवती पुढं बसल्या आणि मी किल्ली फिरवली.

टक्.

परत फिरवली. टक्.

"आवाज तर येतोय की," सौ. म्हणाल्या.

आमची मारुती आठशे 2007 ची. तिच्या आरसीवर गावाचं नाव बेल्गाम, विम्याच्या कागदावर बेळगावी (1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर तेच), आणि आमच्या तोंडात बेळगाव. तीन नावं पचवलेली गाडी एका 'टक्'वर अडेल असं वाटलं नव्हतं.

शहापुरात गाडी बंद पडणं ही खाजगी बाब राहत नाही. बॉनेट वर गेलं तशी गल्ली गोळा झाली. समोरचे रिटायर झालेले सर म्हणाले, "प्लग बघा आधी." कोपऱ्यावरचे अण्णा म्हणाले, "ढकलूया की." चौघांनी पिंपळाच्या पारापर्यंत ढकलली. मी सेकंड गिअरमध्ये क्लच सोडला, गाडीनं एक उचकी दिली आणि पाराजवळच बसकण मारली. नंतर कळलं, इंजेक्शनची गाडी ढकलून चालू करायलासुद्धा बॅटरीत थोडी धुगधुगी लागते. तोवर भाजीवाल्या मावशींनी पाटी डोक्यावरून न उतरवताच निकाल देऊन टाकला होता: "होगेत्री." गेली हो. आख्ख्या सकाळीत इतकं कमी बोलून इतकं बरोबर बोललेलं दुसरं कुणी भेटलं नाही.

मग शेजारच्यांचा मुलगा मल्टिमीटर घेऊन आला. डिप्लोमाला आहे, घरात कुणाचा मिक्सर बिघडला की त्याला फार आनंद होतो. काट्या टेकवून म्हणाला, "काका, 11.2."

मी मनात हिशेब केला. बारा व्होल्टच्या बॅटरीत 11.2, म्हणजे 93 टक्के. आमच्या वेळी एवढे मार्क पडले की गल्लीभर पेढे वाटत.

"तसं नसतंय काका. आत सहा सेल. भरलेला एकेक 2.1 चा, म्हणजे सगळी मिळून 12.6. बाराच्या खाली आली की रिकामीच समजायची."

93 टक्क्यांना नापास करणारी परीक्षा मी पहिल्यांदाच बघितली. किती वर्षं झाली बॅटरीला, असं त्यानं विचारलं. पाच, मी म्हणालो. सौ. म्हणाल्या, सात. सात खरं असणार.

बॅटरीवरचं स्टिकर अर्धं गेलेलं. बुरशी आलेल्या लोणच्यासारखा पांढरा-हिरवा थर टर्मिनलवरून उतरून स्टिकरवर पसरलेला. '38बी20' एवढं वाचता येत होतं, पुढचं अक्षर थरानं खाल्लेलं. मोबाईलवर फोटो काढला, स्कूटर घेतली आणि खानापूर रोडवरचं दुकान गाठलं.

दुकानदारानं फोटो बघून एकच विचारलं. "एल काय आर?"

"म्हणजे?"

"शेवटचं अक्षर. बॅटरीच्या आखूड कडेकडून बघितलं की धन टर्मिनल कुठल्या बाजूला ते."

तेवढ्यात माझ्यामागून स्कूटरवर आलेले अण्णा मध्ये पडले. "त्यापेक्षा मोठीच घाला की. पंचेचाळीसची." दुकानदारानं शांतपणे सांगितलं की त्या 20 चा अर्थ लांबी 20 सेंटिमीटर, मोठी घेतली तर ट्रेमध्ये बसणार नाही, मांडीवर घेऊन जावं लागेल. अण्णा गप्प झाले, पण पटलं नाही ते चेहऱ्यावर होतं.

वॉरंटी 24 अधिक 24. मी चार वर्षं समजलो. तर पहिले 24 महिने फुकट बदलून, पुढचे 24 महिने घटत्या टक्क्यानं. थोडक्यात, जावयाचं कौतुक असतं तशी.

एल-आरसाठी शेजारच्या मुलाला फोन केला. "धन कुठल्या हाताला आहे रे?" "उजव्या," तो म्हणाला. समोरून उजवं म्हणजे आखूड कडेकडून डावं, असा हिशेब दुकानदारानं लावला आणि आतून 'एल'चं खोकं आलं. बसवायचे शंभर रुपये वाचवायचे म्हणून दहा किलोची बॅटरी स्कूटरवर पायात घेऊन मी घरी आलो.

दहा नंबरचा पाना सापडेना. तो देवघराच्या खणात, कापराच्या डबीखाली निघाला. कुणी ठेवला ते कुणी सांगेना. मुलानं आधी माझी अंगठी काढायला लावली. मग ऋण टर्मिनल आधी सोडवायचं आणि शेवटी जोडायचं, हे दोनदा म्हणवून घेतलं. आधी धन सोडायला गेलं आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणग्याच ठिणग्या. वायरीच्या क्लिपांवर सोडा टाकलेलं गरम पाणी ओतलं, ते दुधासारखं फसफसलं. नवी बॅटरी ट्रेमध्ये मापात बसली. मी अभिमानानं धनाची वायर ओढली.

चार बोटं कमी.

आणखी ओढली. तरी चार बोटं कमीच.

"तू उजव्या म्हणालास ना?"

"मी स्टिअरिंगवर बसलेलो काका. तिथनं उजव्या."

बॉनेटसमोर उभं राहिलं की तेच डावं. आमच्या भागात इकडचं कुठलं आणि तिकडचं कुठलं हे कुठं उभं राहून बघता यावर ठरतं, हे मला जन्मापासून माहीत; ते बॅटरीलाही लागू असेल हे सुचलं नाही. अण्णा म्हणाले, "फिरवून बसवा की." फिरवली तर टर्मिनल पार पलीकडच्या कडेला गेली आणि वायर सहा बोटं कमी पडली.

परत स्कूटर. आता पायात नवी, आणि मागे मुलाच्या मांडीवर मोडीत द्यायची जुनी. दुकानदारानं काहीही न विचारता खोकं बदलून दिलं. असे रोज येत असावेत. मोडीचे पैसे वजा करायला त्यानं जुनी उचलून काउंटरवर ठेवली आणि ओलं फडकं स्टिकरवरून एकदा फिरवलं. पांढरा थर फडक्याला लागून आला. खाली, जसंच्या तसं: आर.

"लिहिलंय की हो," तो म्हणाला.