पाणी पुलाला टेकलं नाही, म्हणून पूल बिनधोक?

काल संध्याकाळी मामांनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. 'पाणी पुलाच्या तळाला लागेपर्यंत पुलाला काही होत नाही, पोलीस उगाच वाहतूक अडवतात,' असं त्यात ठासून लिहिलंय. खाली मामांचा शेरा: 'मग मी रात्रीच निघतो.' हे वाचून गप्प बसवेना.

पुरात पूल जातो तो बहुतेक वेळा खालून. पाणी खांबावर आदळतं, नदीच्या तळाकडे वळतं आणि भोवरे करत पायाजवळची वाळू-माती उकरून नेतं. लाटेत उभं राहिल्यावर टाचेखालची वाळू सरकते ना, तसंच. इथे त्या टाचेवर शेकडो टनांचं ओझं असतं. वर डांबर कोरडं, कठडे सरळ आणि खाली पाया उघडा पडलेला. पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने भरतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी वाकून पाहणाऱ्यालाही सगळं ठीकच दिसतं.

न्यूयॉर्क राज्यात शोहारी ओढ्यावरचा महामार्गाचा पूल ५ एप्रिल १९८७ रोजी असाच कोसळला. रस्ता ओढ्यापासून सुमारे ८० फूट उंच. चार मोटारी आणि एक ट्रक खाली गेला, १० माणसं दगावली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. पायाभोवतीचे संरक्षक दगड पुरेसे राखले नव्हते, पाण्याने पाया पोखरला, असं त्यात निघालं. आता सांगा, तिथे पुलाच्या तळाला पाणी लागायची वाट कोणी पाहायची?

पाणी पुलाच्या तळाला लागलं की धोका वाढतो, एवढं खरं. वाहून आलेली झाडं अडकतात, पुलावर आडवा जोर बसतो. पण तोवर पूल बिनधोक असतो, हे कुठून काढलं?

'शंभर वर्षांचा पूर येऊन गेला, आता निश्चिंती,' हेही त्यातच. अहो, असा पूर दर वर्षी येण्याची शक्यता १ टक्का, एवढाच त्याचा अर्थ. तो येऊन गेला तरी पुढच्या वर्षी १ टक्का आहेच. ३० वर्षांचा हिशेब केला तर सुमारे २६ टक्के.

'जड गाडी वाहत नाही': दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या ओढून नेतं.

'पुढची गाडी गेली की आपणही जावं': महाडजवळ सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, तेव्हा दोन एसटी बस अंधारात नदीत गेल्या.

मामा, बॅरिकेड हटेपर्यंत निघू नका. केव्हाही फोन करा, मी जागा आहे.