आकाश बघायला निघालात? आधी हे वाचा

पहिला सल्ला: तारे बघूच नका. उपग्रह बघा. भरपूर आहेत, शिवाय हलतात, त्यामुळे पोरांनाही कंटाळा येत नाही.

तरी हट्ट असेलच, तर संध्याकाळी नाशिकजवळ अंजनेरीच्या बाजूला जा. परवा मी गेलो होतो, देवयानी दीर्घिकेचा फोटो काढायला. तिचा उजेड पंचवीस लाख वर्षं प्रवास करून आला आणि शेवटच्या साडेपाचशे किलोमीटरवर कुणाचं तरी उपग्रहावरचं इंटरनेट आडवं गेलं. एकूण एक फ्रेममध्ये रेघा. असे फोटो फॅमिली ग्रुपवर जरूर टाका. "अय्या, उल्का!" म्हणून मावशी लगेच हात जोडते.

सूर्यास्तानंतर दीड-दोन तास थांबा, असं जाणकार सांगतात. खाली अंधार झाला तरी तेवढा वेळ वर ऊन असतं आणि उपग्रह त्यात चमकतात. थांबा की! तोवर लॉन्सवरचं लग्न रंगात येतं आणि शार्पी, म्हणजे आभाळात झोत फिरवणारे दिवे, सुरू होतात.

तक्रार करायचीय? कुणाकडे? मे 2019 मध्ये स्पेसएक्स या अमेरिकन कंपनीने इंटरनेटसाठी एका दमात 60 उपग्रह सोडले, आज तिचेच हजारो फिरताहेत. खगोलशास्त्रज्ञ ओरडले तेव्हा एकाला काळपट लेप लावून पाहिला. मग सावलीसाठी झडपा बसवल्या. पुढे उपग्रह एकमेकांशी लेझरने बोलू लागले, झडपा मध्ये यायला लागल्या, म्हणून त्याही काढल्या! गच्चीवर पत्रा टाकायला आपल्याला परवानगी लागते. अख्ख्या जगाचं आकाश वापरायला नाशिककराला कुणी विचारलं? चिलीतल्या दुर्बिणवाल्यांना तरी कुठे विचारलं म्हणा.

जाताना स्टॅकिंगचं, म्हणजे अनेक फोटो एकावर एक रचून एक करणारं, सॉफ्टवेअर न्या. रेघा पुसता येतात. डोळ्यांसाठी असलं काही निघालेलं नाही.

बरं, वरचं आपल्या हातात नाही. खालचं कुणाच्या हातात आहे? गंगापूर धरणाच्या कडेला फार्महाऊस बांधून हॅलोजनचं तोंड आभाळाकडे करणाऱ्यांनो, विमान उतरवताय का तिथे? रिकाम्या प्लॉटवर रात्रभर फ्लडलाइट कशाला? त्याला वरून टोपी घाला, तोंड जमिनीकडे करा, झोपताना बंद करा. एवढं साधं कळत नाही? 2024 मध्ये पेंचच्या जंगलात देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं उद्यान, झालं, तेव्हा अभिमानाने फॉरवर्ड करणारे तुम्हीच ना? अंधार बघायला नागपूरच्या पलीकडे गाडी हाकाल, पण स्वतःच्या गच्चीवरचा दिवा विझवायला एक जिना चढवत नाही.